पाळक नसलेले रविवार

आमच्या चर्चच्या मंडळीच्या वाट्याला पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मोपदेशक, महिन्यातून एकदाच येतात. पहिल्या रविवारी सकाळी ते सुरत-भुसावळ मार्गावरच्या पॅसेंजरने उतरतात, भक्ती चालवतात, प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरसाचा विधी) देतात, दोन-तीन आजाऱ्यांना भेटतात आणि कोणाच्या तरी घरी शेवभाजी-भाकरी खाऊन दुपारच्या गाडीने पुढच्या गावी निघतात, कारण आमच्यासारख्या चार मंडळ्या त्यांच्या एकट्याच्या अंगावर आहेत. उरलेले तीन, क्वचित चार रविवार आमचे आम्ही असतो. चर्चच्या फाटकाबाहेर भाजीची गाडी लावणारा आमचा एक शेजारी अशा एका रविवारी मला सहज विचारता झाला, "आज साहेब नाहीत ना गुरुजी? मग आज तुमची सुट्टी का?" मी हसून "नाही" म्हणालो खरा, पण आत जाऊन बसल्यावर वाटले की त्याच्या प्रश्नात चूक काहीच नव्हती. साहेब नसताना आम्ही जे करत होतो, त्याला सुट्टीच म्हणायला हवे होते.

करत काय होतो? मंडळीतले एक ज्येष्ठ वडील, निवृत्त कारकून, पुढच्या टेबलामागे उभे राहत आणि कोणत्या तरी जुन्या मासिकात छापलेला उपदेश पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचत. मूळ उपदेशकाने "बंधूंनो, परवाच मी नागपूरला असताना" असे लिहिले असेल, तर आमचे वडीलही परवाच नागपूरला असत. आम्ही तीन गीते म्हणत असू, अर्पणाची पिशवी फिरत असे, प्रभूची प्रार्थना होत असे आणि अकराला आम्ही घरी असू. पाळकाच्या अनुपस्थितीत पाळकाची नक्कल, एवढाच त्या रविवारांचा अर्थ होता. वडिलांना मी दोष देत नाही. त्यांनी एकवीस वर्षे ती जबाबदारी एकट्याने वाहिली, आणि आम्ही बाकीचे त्यांच्या मागे निवांत टेकून बसलो.

खानदेशात ही परिस्थिती काही एकट्या आमच्या गावाची नाही. पूर्वेकडे जळगाव, भुसावळ, चाळीसगाव या पट्ट्यात ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सचे काम उभे राहिले, पश्चिमेकडे नंदुरबार-नवापूरच्या बाजूला स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचे. लांबरुंद आवारे, कौलारू बंगले, शाळा, दवाखाने अशी ती उभारणी होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात परदेशी मिशनरी एकेक करून परतले आणि मंडळ्या आपल्या पायांवर उभ्या राहिल्या. पण पंचवीस-तीस घरांच्या मंडळीने, ज्यातली निम्मी घरे शेतमजुरीवर चालतात, एका पाळकाचा संसार चालेल एवढा पगार दरमहा कुठून उभा करावा? मग चार मंडळ्यांनी मिळून एक पाळक घ्यायचा, हा हिशेब ओघानेच आला. आमच्याकडे सगळ्या मंडळीने भक्ती चालवण्याची जी रीत पुढे रुजली, तिच्या मुळाशी कोणताही सिद्धान्त नव्हता, पैशांची टंचाई होती. हे आधीच सांगून टाकलेले बरे.

ती रीत सुरू झाली तो जुलैतला एक रविवार मला अजून लख्ख दिसतो. वडील मुलीकडे पुण्याला गेले होते आणि जाताना चर्चची किल्ली मात्र आमच्याकडे देऊन गेले होते. पाऊस ओढ देऊन बसला होता. वीज गेलेली, पंखे थांबलेले, आणि आम्ही अठरा माणसे सतरंजीवर बसून एकमेकांच्या तोंडाकडे पाहत होतो. मासिक कपाटात होते. पण कपाटाची किल्ली पुण्याला. कोणीतरी एक गीत उचलले, ते संपले. दुसरे झाले, तेही संपले. मग जी शांतता पसरली, ती मी तोवर चर्चमध्ये कधी ऐकली नव्हती. बाहेर भाजीवाला तराजू आपटत होता तेवढाच काय तो आवाज. दोन मिनिटे गेली असतील, मला ती वीस वाटली. मी शिक्षक माणूस. वर्ग शांत झाला की काहीतरी बोललेच पाहिजे ही माझ्या अंगात भिनलेली सवय. मी घसा खाकरणार, तेवढ्यात मागच्या भिंतीला टेकून बसलेल्या एका आजींनी, डोळे मिटलेले, पदर कपाळापर्यंत ओढलेला, बसल्या जागेवरून सुरुवात केली:

"देवबाप, मना नातू सुरतले गया शे, त्याले सांभाळ. पानी नही शे, कापूस जळी राहिना. मना गुडघा दुखतस. बस, आते तू देख. आमेन."

एवढीच प्रार्थना. या आजी चाळीस वर्षे त्या भिंतीला टेकून बसत आल्या होत्या आणि त्यांचा आवाज आम्ही चर्चमध्ये पहिल्यांदा ऐकत होतो. त्यानंतर कोणी ठरवले नसताना एकामागून एक माणसे बोलू लागली. एकाने कर्जाचे सांगितले. आठवीतल्या एका मुलीने तिला पाठ असलेले एक स्तोत्र म्हटले आणि ते तिने कधी पाठ केले तेही सांगितले, आई दवाखान्यात होती तेव्हा. एकजण नुसताच रडला आणि त्याच्या शेजारच्याने त्याच्या वतीने प्रार्थना केली. साडेबारा वाजले तेव्हा कोणालाही घड्याळाची आठवण नव्हती. पुढे महिनाभर आम्ही त्या रविवाराविषयी बोलत राहिलो. पाऊस मात्र त्यानंतर अकरा दिवसांनी आला, तेव्हा त्याचा आणि आजींच्या प्रार्थनेचा संबंध मी जोडत नाही, आजी जोडतात.

त्या दिवशी मला पहिली गोष्ट उमगली ती भाषेची. आमच्या चर्चमध्ये प्रार्थनेची एक वेगळी मराठी आहे. "हे दयासागर स्वर्गीय पित्या, आम्ही तुझी दीन लेकरे तुझ्या पवित्र चरणांपाशी नम्रभावे लीन होत आहोत" अशा वळणाची ती भाषा जुन्या भाषांतरांतून आणि छापील उपासनाक्रमांतून आली. ती डौलदार आहे, मला मनापासून आवडते. पण ज्याला ती येत नाही त्याला आपल्याला प्रार्थनाच येत नाही असे वाटू लागते, आणि हे आम्हा शिकलेल्यांच्या कधी ध्यानातही आले नव्हते. घरी, शेतात, बाजारात अहिराणी बोलणारी माणसे चर्चच्या उंबरठ्यावर चपलांबरोबर आपली बोलीही काढून ठेवत होती आणि आत येऊन मुकी होत होती. आजींनी "देवबाप" म्हटले आणि ती मुकी माणसे बोलती झाली. पंडिता रमाबाईंनी बायबलचे संपूर्ण भाषांतर सोप्या मराठीत करण्यासाठी आयुष्याची अखेरची वर्षे का झिजवली असतील, हे मला पुस्तकांतून कळले होते. पटले ते त्या दिवशी. त्यांच्याच केडगावच्या मुक्तिसदनात १९०५ साली जे धार्मिक संजीवन घडले, त्यात शेकडो मुली आणि बाया एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करत होत्या. तिथेही व्यासपीठावरून कोणी वाक्ये सांगत नव्हते.

यानंतर मी जे केले ते सांगायला आजही संकोच वाटतो. मी अभ्यासाला लागलो. बायबलमधल्या, प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा चौदावा अध्याय मी इतक्या वेळा वाचला की त्या पानाचा कोपरा मऊ पडला. तुम्ही एकत्र जमता तेव्हा कोणाजवळ स्तोत्र असते, कोणाजवळ शिकवण, कोणाजवळ प्रकटीकरण, आणि हे सगळे परस्परांच्या उन्नतीसाठी व्हावे, असे तिथे सव्विसाव्या वचनात म्हटले आहे. साधारण इसवी सन ५५ च्या सुमारास लिहिलेले हे पत्र ख्रिस्ती उपासनेचे आपल्याला उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या वर्णनांपैकी एक आहे, आणि त्यात उपदेशकाचा, पाळकाचा, व्यासपीठाचा उल्लेखही नाही. मला मोठे घबाड सापडल्यासारखे झाले. पुढच्या पाळक नसलेल्या रविवारी मी टिपणांचे सहा कागद घेऊन उभा राहिलो आणि भक्तीत प्रत्येकाने सहभागी व्हावे हा विषय मंडळीला समजावून सांगितला. सगळ्यांनी बोलावे हे सांगायला मी चाळीस मिनिटे घेतली. माझे झाल्यावर मी म्हणालो, "आता कोणाला काही सांगायचे आहे का?" कोणालाही काही सांगायचे नव्हते. आजी झोपल्या होत्या.

बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांत त्रोवस गावी पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला तेव्हा खिडकीत बसलेला युतुख नावाचा तरुण डुलकी लागून तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला, ती कथा त्या दिवशी घरी परतताना मला आठवली. आमची आजी जमिनीवरच बसली होती, म्हणून निभावले.

करिंथच्या पत्राकडे मी पुन्हा वळलो तो जरा वरमून, आणि या वेळी मला त्यात निराळेच दिसले. चौदाव्या अध्यायात पौल तीन ठिकाणी "गप्प राहावे" असे सांगतो, आणि मूळ ग्रीकमध्ये तिन्ही ठिकाणी क्रियापद एकच आहे. अर्थ सांगणारा कोणी नसेल तर अन्य भाषेत बोलणाऱ्याने गप्प राहावे. एकजण बोलत असताना बसलेल्या दुसऱ्याला काही प्रकट झाले तर पहिल्याने गप्प राहावे. तिसरे ठिकाण स्त्रियांचे. त्याच्याकडे मी पुढे येतो. दुसऱ्या नियमावर मी बराच काळ अडून राहिलो. आपण सभेत वागतो ते याच्या नेमके उलटे असते: बोलणाऱ्याचे पूर्ण होईपर्यंत बसलेल्याने थांबायचे, हा आपला शिष्टाचार. पौल म्हणतो की बसलेल्याला काही सुचले तर उभ्याने आवरते घ्यावे. सगळ्यांनी भाग घ्यायच्या उपासनेत बोलण्याचे धाडस लागते असे मी धरून चाललो होतो, आणि लागतेही. पण त्याहून अवघड आहे ते बोलता येत असताना खाली बसणे. ते मला येत नव्हते आणि आमच्यातल्या बऱ्याच जणांना येत नव्हते.

उदाहरणार्थ, आमच्याकडे एक काका आहेत. देवाने त्यांना एका मोटार अपघातातून कसे वाचवले ही त्यांची साक्ष आहे, ती खरी आहे आणि पहिल्यांदा ऐकली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. नवी रीत सुरू झाल्यापासून ती साक्ष आम्ही दर रविवारी ऐकू लागलो. दर खेपेला ट्रकचा वेग वाढत गेला. त्यांना कसे थांबवावे यावर घरोघर चर्चा झाल्या. घंटी ठेवावी असे तरुण संघाने सुचवले, पण चर्चमध्ये वडीलधाऱ्या माणसावर घंटी वाजवणे कोणाला पटेना. शेवटी तोडगा निघाला तो निवृत्त नर्सबाईंमुळे. काका वळणाच्या पुलापाशी पोहोचले, श्वास घ्यायला थांबले आणि तेवढ्यात नर्सबाईंनी मागून आभाराचे एक गीत उचलले. सगळ्यांनी सूर धरला, पेटीवाल्या पोराने पट्टी शोधली, आणि काकाही टाळ्या वाजवत गाऊ लागले. त्यांचा अपमान झाला नाही, साक्षीचा शेवट स्तुतीत झाला. आता काकाच कधी कधी गीताची वाट पाहत थांबतात असा मला संशय आहे.

हा उपाय बाईंना कुठून सुचला, याचे मला नवल वाटत नाही. भजनात वाढलेल्या आपल्या मुलखात एकाचे पद संपताना दुसऱ्याने पुढचे पद धरावे हे कोणी शिकवावे लागत नाही. आमच्या गावच्या भजनी मंडळात वीणा एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जाते, चाल लावणारा बदलतो, टाळकरी ध्रुपद धरून असतात. त्यात ऐकणारा आणि गाणारा अशी फाळणी नसतेच. आमच्या दोन पिढ्यांमागचे लोक ते सोडून बाकांच्या रांगांत आले आणि हात जुळवून समोर पाहायला शिकले. नारायण वामन टिळकांना ही खंत फार होती. १८९५ साली ख्रिस्ती झालेल्या या कवीने अभंग, पदे, भजन, कीर्तन ही सगळी आपली माध्यमे ख्रिस्ती उपासनेत आणली, आणि मृत्यूपूर्वी दोन वर्षे, १९१७ मध्ये, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना एकत्र बसता यावे म्हणून 'देवाचा दरबार' मांडला. त्यांची पदे आजही आमच्या 'उपासना संगीत' या गीतपुस्तकात आहेत आणि निरक्षर बायांना तोंडपाठ आहेत. छापील उपदेशातले एक वाक्य कोणाला तोंडपाठ असल्याचे मला माहीत नाही.

सुरुवातीची काही शतके ख्रिस्ती लोक घरांतच जमत. अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या तंबू शिवणाऱ्या जोडप्याच्या घरी मंडळी भरत असे, आणि सिरियातल्या दुरा-युरोपोस येथे उत्खननात सापडलेले तिसऱ्या शतकातले चर्च म्हणजे मधली भिंत पाडून खोली मोठी केलेले साधे राहते घर होते. आमच्या चर्चच्या इमारतीचेही मूळ एका मिशनऱ्याच्या तबेल्यात आहे असे जुने लोक सांगतात, तेव्हा आम्हाला त्या भिंतीचे काही वाटले नाही. पण घरातली ती मोकळी बैठक फार काळ टिकली नाही, हेही खरे. दुसऱ्या शतकाच्या मध्यावर रोममध्ये जस्टिन मार्टर हा ख्रिस्ती लेखक रविवारच्या उपासनेचे वर्णन करतो तेव्हा वाचन होते, मग अध्यक्ष बोध करतो, मग सगळे उभे राहून प्रार्थना करतात, अध्यक्ष उपकारस्तुती करतो आणि लोक "आमेन" म्हणतात. म्हणजे शंभर वर्षांत लोकांच्या वाट्याचे बरेचसे आमेनपुरते आटले होते. चौथ्या शतकात सम्राटाचा आश्रय आला, मोठमोठी सभागृहे आली, आणि सभागृहात मागे बसलेल्याचा आवाज पुढे पोहोचत नाही.

तरी ही रीत पुन्हा पुन्हा उगवत राहिली. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्सच्या मागे गेलेले क्वेकर लोक शांत बसत आणि ज्याला आतून प्रेरणा होई तो बोले. कधी कोणीच बोलत नसे आणि तीही उपासना पूर्ण मानली जाई. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात डब्लिनमध्ये काही मंडळी पाळकाशिवाय भाकर मोडायला, म्हणजे प्रभुभोजनाला, जमू लागली, तीच पुढे ब्रदरन म्हणून ओळखली गेली; त्यांच्यातला अँथनी नॉरिस ग्रोव्ह्ज हा दंतवैद्य बगदादमार्गे १८३३ मध्ये भारतात आला. आणि ज्यांच्याकडे धर्मगुरूवाचून मिस्सा, म्हणजे त्यांची मुख्य उपासना, होऊच शकत नाही त्या कॅथलिकांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही ४ डिसेंबर १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजात लोकांच्या पूर्ण, जाणीवपूर्वक आणि सक्रिय सहभागाचा आग्रह धरला आणि लोकभाषांना दार उघडले. यांपैकी कोणाचीही रीत आम्ही जशीच्या तशी उचललेली नाही. फक्त क्वेकरांची शांतता मला फार पटली. आमच्याकडे दोन मिनिटे शांत राहिले की कोणीतरी उठून पंखा लावतो.

आता ते तिसरे "गप्प राहावे". चौतिसाव्या वचनाचा आधार घेऊन आमच्यातल्या एका भावांनी बायांनी साक्ष देण्याला हरकत घेतली. ते वचन तिथे आहे, ते नाही असे मला म्हणता येईना, आणि मी ग्रीक संदर्भांची जुळवाजुळव करू लागलो. नर्सबाईंनी तेवढा वेळ घेतला नाही. त्या म्हणाल्या, "भाऊ, त्याच पत्राचा अकरावा अध्याय काढा. बाईनं प्रार्थना करताना, संदेश देताना डोकं झाकावं असं लिहिलंय. गप्पच बसायचं होतं, तर पदराचं कशाला सांगितलं असतं?" भावांनी अध्याय काढला, पाचवे वचन दोनदा वाचले आणि चष्मा खिशात घातला. त्यांचे मत बदलले असे मी म्हणणार नाही. पण त्या दिवसापासून हरकत आली नाही, आणि दिवाळीनंतर त्यांच्या स्वतःच्या सुनेने भक्ती चालवली तेव्हा ते पहिल्या रांगेत होते.

मात्र बायांच्या सहभागातली खरी अडचण वचनात नव्हती, घड्याळात होती, आणि ती कळायला आम्हाला सव्वा वर्ष लागले. ऑक्टोबरपासून कापसाची वेचणी सुरू होते. सकाळी लवकर शेतात जायचे, ऊन चढेपर्यंत वेचायचे, किलोवर मजुरी घ्यायची. त्या दिवसांत मजूर बायांना रविवार नसतो. आमची भक्ती दहाला सुरू होई, कारण नोकरदारांना ती वेळ सोयीची. वेचणीवरच्या बाया साडेअकरापर्यंत येत, कोपराला बोंडांचे ओरखडे, ओढणीला कापसाचे तंतू चिकटलेले, आणि तोवर साक्षी, प्रार्थना सारे उरकून अर्पणाची पिशवी तेवढी फिरायची उरलेली असे. सगळ्यांनी भाग घ्यायचा असे आम्ही म्हणत होतो आणि त्यांच्या हाती फक्त पिशवी देत होतो. करिंथमध्ये याच पत्राच्या अकराव्या अध्यायात प्रभुभोजनाच्या वेळी असेच काहीसे चालले होते: एक भुकेला राही आणि दुसऱ्याला जास्त होई, आणि पौलाने त्यावर सांगितलेला उपाय अगदी साधा होता, एकमेकांसाठी थांबा. आम्ही वेचणीच्या दिवसांत भक्ती संध्याकाळी सातला नेली. नोकरदारांनी थोडी कुरकुर केली. त्यात मीही होतो, कारण सोमवारच्या तासांची तयारी मी रविवारी संध्याकाळी करतो.

त्याच हिवाळ्यात नवापूरकडच्या एका पाड्यावर, मावची बोलणाऱ्या मंडळीत, एक रविवार घालवण्याची संधी मिळाली. नवापूर म्हणजे ज्या स्टेशनाचा अर्धा फलाट महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे ते गाव. तिथून पुढे भातखाचरांतून रस्ता. कुडाची भिंत, शेणाने सारवलेली जमीन, एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बाया, मधोमध ढोलकी. वचन वाचून झाल्यावर पुढाऱ्याने दोनच मिनिटे बोलून लोकांना काहीतरी विचारले, आणि मला भाषा कळत नसतानाही हे दिसत होते की मागून, कडेवर पोर घेतलेल्या बाईने जे उत्तर दिले त्यावर तो खरेच विचारात पडला आहे. शेजारी बसलेल्या तरुणाने मला मराठीत सांगितले की त्या पाड्यावरची बरीच माणसे दिवाळीनंतर ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत जातात आणि तिथल्या पडावावर, पालांच्या मध्ये, रविवारी रात्री भक्ती करतात. "तिथं चालवतं कोण?" मी विचारले. त्याला प्रश्न नीट कळला नसावा. "जो दमलेला नसेल तो," तो म्हणाला.

एक प्रसंग इथे सांगायलाच हवा, नाहीतर मी सोयीचे तेवढेच लिहिले असे होईल. एका रविवारी बाहेरून आलेल्या एका पाहुण्या भावाने उभे राहून सांगितले की विश्वास पुरेसा असेल तर गोळ्या-औषधांची गरज राहत नाही. आमच्यात मधुमेहाचे इन्सुलिन घेणारी एक बहीण आहे. तिने मान खाली घातली. व्यासपीठ सगळ्यांसाठी मोकळे ठेवले की त्यावर काय येईल याची हमी राहत नाही, आणि जुने वडील छापील उपदेशालाच का चिकटून होते हे मला त्या क्षणी अगदी स्वच्छ कळले. नर्सबाई त्या दिवशी नेमक्या गावाला गेलेल्या. मी उठलो नाही. पाहुण्याला दुखवू नये या भिडेने बसून राहिलो. मागून पेटी वाजवणारा अकरावीतला पोरगा उठला आणि म्हणाला, "पौलाबरोबर लूक होता, तो वैद्य होता. मला ते बरोबर वाटत नाही." एवढे बोलून तो लालबुंद होऊन बसला. बोलणारे दोघे-तिघे असावेत आणि इतरांनी पारख करावी, असे त्याच अध्यायात लिहिलेले आहे. ते वचन मी मंडळीला चाळीस मिनिटांत समजावून दिले होते आणि पाळले ते त्या पोराने. भक्ती संपल्यावर मी त्या बहिणीच्या घरी गेलो. ती म्हणाली, सुई घेतली, काळजी करू नका. पण गप्प बसल्याबद्दल मी तिची माफी मागितली ती मागितलीच.

पाळकसाहेबांना हे सगळे पुढच्या पहिल्या रविवारी सांगितले. ते रागावतील अशी आमची अटकळ होती. त्यांनी भाकरीचा तुकडा शेवभाजीत बुडवून तसाच धरून ठेवला आणि विचारले, "तो पोरगा अकरावीला कुठे आहे?" मग बऱ्याच वेळाने म्हणाले की चौदा वर्षांत त्यांच्या उपदेशावर कोणी उठून काही बोललेले नाही, आणि त्यांचे सगळेच बरोबर असेल असे त्यांना वाटत नाही. त्यानंतर ते आपल्या रविवारी उपदेश वीस मिनिटांत आटोपतात आणि टेबलामागची खुर्ची सतरंजीच्या कडेला ओढून बसतात. लोक त्यांच्यासमोर अजून मोकळे होत नाहीत. वीस मिनिटांनंतरची ती शांतता आमच्या शांततेपेक्षा अवघडलेली असते, आणि कधी कधी तेच सुस्कारा टाकून शेवटचे गीत सांगतात.

कपाटात आता मासिकांच्या गठ्ठ्यावर एक शंभरपानी वही असते. तिच्यात दर रविवारच्या पाळ्या लिहिलेल्या असतात: गीत कोण सुरू करील, वाचन कोणाचे, लेकरांना कोण सांभाळील, झाडलोट आणि सतरंज्या कोणाच्या. साक्ष आणि प्रार्थना यांचे रकाने रिकामे ठेवायचे, एवढे ठरले आहे. जुने वडील आता ऐंशीच्या पुढे आहेत आणि वही तेच लिहितात, कारण आमच्यात त्यांच्यासारखे मोत्यांचे अक्षर कोणाचे नाही. पाळ्या लावताना ते कोणाचे ऐकत नाहीत. गेल्या तीन महिन्यांत त्यांनी मला वाचन दिलेले नाही. येत्या रविवारी माझ्या नावापुढे सतरंज्या आणि पिण्याचे पाणी आहे. आजींचा गुडघा अलीकडे फारच धरला आहे, तेव्हा भिंतीशी त्यांच्यासाठी एक उशीही न्यायची आहे.